भिजलेला मोबाइल, बुडालेला फ्रिज : तुमचे अनुभव लिहा

पावसाळा तोंडावर आलाय. डबक्यात पडलेला फोन, चहा सांडलेला लॅपटॉप, पुरात राहिलेला फ्रिज... अशा वेळी तुम्ही काय केलंत आणि काय वाचलं, ते इथे लिहा. ऐकीव उपाय नकोत, स्वतः पाहिलेलं हवं.

चिपळूणहून
२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं होतं. ते ओसरल्यावर घरातल्या प्रत्येकाला एकच घाई, लाइट येतेय का बघू. आमच्या वायरमननं मेन स्विचला कुणालाच हात लावू दिला नाही. भिजलेले एमसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारे स्विच) त्यानं सरळ काढून टाकले. सुकले तरी ऐन वेळी ट्रिप होतील याचा भरवसा नाही, म्हणाला. मग मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून एकेक लाइन तपासली. भिंतीत ओल होती त्या खोल्या बरेच दिवस अंधारातच होत्या.

मिक्सर त्यानं आधी स्वच्छ पाण्यानं धुवायला सांगितला. सासूबाईंना ते पटेना. भिजलेल्या मोटरवर आणखी पाणी? पण पुराचा गाळ वाइंडिंगमध्ये बसला की ओल धरून ठेवतो. धुतला, उन्हात खडखडीत वाळवला, वाइंडिंगवाल्यानं वॉर्निश मारून दिलं. आजही त्यावरच वाटण होतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंदिस्त असतो, तो वाचला. तो सुरू करणारा रिले आणि वायरी बदलल्या. वॉशिंग मशीनचं कार्ड (आतला सर्किट बोर्ड) मात्र गेलं.

पुण्याहून
रिक्षातून उतरताना फोन डबक्यात पडला. लगेच बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला, नंतर व्यवस्थित चालू झाला. मग तांदळाला सगळे नावं का ठेवतात?

कोल्हापूर, मोबाइल दुरुस्तीचं दुकान
ताई, तुमचा फोन वाचला तो लगेच बंद केलात म्हणून. तांदूळ बाहेरची ओल थोडीफार शोषतील, पण बोर्डावरच्या पत्र्याखाली अडकलेल्या पाण्यापर्यंत ते पोचत नाहीत. शिवाय पिठूळ कण चार्जिंगच्या भोकात जातात. आयफोन तांदळात ठेवू नका असं ॲपलनंही आपल्या सूचनांमध्ये लिहिलंय.

नुसत्या पाण्यापेक्षा पाणी आणि करंट एकत्र आले की जास्त घात होतो. गिऱ्हाईक दर तासाला बटण दाबून बघतं, चार्जर लावून बघतं, आणि तेवढ्यात बोर्डावर हिरवा गंज धरतो. फोन बंद करा, सिमचा ट्रे काढा, चार्जिंगचं भोक खाली करून हलकेच झटका आणि दुकान गाठा. आम्ही बॅटरी सोडवतो, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशनं साफ करतो. त्याच दिवशी आलेला सेट आणि आठवडाभर तांदळात राहून आलेला सेट यांत फार फरक असतो. हेअर ड्रायर तर नकोच. गरम हवेनं डिंक सुटतो आणि पाणी आणखी आत ढकललं जातं.

मालवणहून
आमच्याकडे पर्यटक 'वॉटरप्रूफ आहे' म्हणत फोन घेऊन समुद्रात उतरतात. आयपी ६८ या पाणीरोधक दर्जाची चाचणी गोड्या पाण्यात होते, खाऱ्या नाही. असा फोन समुद्रात पडला तर तो बंद करून आम्ही बाहेरून गोड्या पाण्यानं धुऊन देतो. मीठ आत राहिलं की फोन सुकूनही खराब होतो.

ठाण्याहून
लॅपटॉपवर चहा सांडला. चार्जर काढला, पॉवरचं बटण दाबून धरून बंद केला आणि उघडाच उलटा, तंबूसारखा ठेवला. दूध-साखरेचा चहा असल्यानं नुसता वाळवून भागलं नसतं. कारागिरानं उघडून साफ केला. कीबोर्ड बदलावा लागला, बोर्ड शाबूत.

सांगलीहून
२०१९च्या कृष्णेच्या पुरात आमचा फोटो स्टुडिओ बुडाला. हार्ड डिस्कबद्दल वेगळंच सांगायचंय : ती वाळवू नका. डेटा काढून देणाऱ्यानं फोनवरच बजावलं, कॉम्प्युटरला जोडू नका, उघडू नका, ओलीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आणा. गाळ आत सुकला की तबकडीवर चिकटून बसतो. तशाच नेल्या. लोकांच्या लग्नांचे बहुतेक फोटो परत मिळाले.