हार्ट अटॅकच्या पेशंटच्या दंडाला बीपीचा पट्टा : आपल्या ग्रामीण रुग्णालयांत सुरू करावा का?

मेळघाटची सिस्टर
धारणी तालुक्यात स्टाफ नर्स आहे. अटॅकचा पेशंट अमरावतीला न्यायचा म्हणजे घाटातून दीडशेएक किलोमीटर. तोवर हृदयाचा स्नायू मरत राहतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बंद नळी उघडल्यावरही नुकसान होतं, त्यावर कुणी बोलत नाही. रक्त परत आलं की पेशींत कॅल्शियम भरतं, ऑक्सिजनपासून घातक रेणू बनतात, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या पडद्यात छिद्रं उघडतात आणि वाचू शकणारी पेशीही मरते.

यावर बिनखर्ची उपाय सांगितला जातो. दंडाला बीपीचा पट्टा ५ मिनिटं फुगवायचा, ५ मिनिटं सोडायचा, असं चारदा. दंडाचं रक्त थोडं थोडं थांबवलं की हृदयही असा ताण सोसायला तयार होतं, ही त्यामागची कल्पना. डेन्मार्कमध्ये ३३३ पेशंटच्या अभ्यासात हे ॲम्ब्युलन्समध्येच केलं. २०१० साली निकाल आला, स्नायू जास्त वाचलेला दिसला. आमचा पेशंट १०८ मध्ये तासन्‌तास असतो. माझं मत, सुरू करावं.

फिजिशियन, यवतमाळ
ताई, तळमळ पटते, उपाय पटत नाही. २०१९ मध्ये ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन, सर्बियातल्या ५,४०१ पेशंटवरचा निकाल आला. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती : पट्ट्याचा उपचार मिळालेल्यांत ९.४ टक्के, न मिळालेल्यांत ८.६. फायदा नाहीच. मायटोकाँड्रियातली ती छिद्रं रोखायला दिलेल्या सायक्लोस्पोरिन या औषधाचंही २०१५ मध्ये तेच झालं. १९८६ ला कुत्र्यांमध्ये हृदयाचंच रक्त थोडं थोडं थांबवून मग मोठा अटॅक घडवला, तर मेलेला भाग चौथाईवर आला होता. माणसांत ते उतरलं नाही.

गाडीवाला भाऊ
डाक्टरसाहेब, मले एक सांगा. ते सारे पेशंट अँजिओप्लास्टीवाले होते न? आमच्या इकडचा माणूस रातभर गॅस झाला म्हणून सोडा पेत बसते, सकाळी गाडी बलावते. तिकडचा निकाल आमाले जसाच्या तसा काऊन लावता?

फिजिशियन, यवतमाळ
भाऊ, मुद्दा रास्त आहे. उशिरा आलेल्या, फक्त गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनवर असलेल्या पेशंटचं उत्तर त्या अभ्यासात नाही. पण उत्तर नाही म्हणून उपचार सुरू करायचा? एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन चाचणी करा, मी सोबत आहे. सिद्ध झालेलं आधी करू. १९८८ च्या १७,१८७ पेशंटच्या अभ्यासात ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवायचं औषध, दोन्ही दिलेल्यांत पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने झालेले मृत्यू ८ टक्के होते, दोन्ही न दिलेल्यांत १३.२. टेनेक्टेप्लेज हे त्याच प्रकारचं औषध तर वजन बघून एकाच इंजेक्शनात देता येतं. ते तालुक्यातच मिळायला हवं.

भामरागडहून
पर्लकोटा नदीला पूर आला की आमच्याकडे रेफर कुठे करणार? त्यामुळे इंजेक्शन इथेच हवं, या मताचा मी. शिवाय पट्ट्याचं म्हणाल तर आमच्या उपकेंद्रातल्या पट्ट्याचं वेल्क्रो धरत नाही, बल्बमधून हवा गळते. बीपी घेताना एकाला हाताने दाबून धरावं लागतं. ५ मिनिटं दाब टिकणार कसा?

मेळघाटची सिस्टर
पट्टा नवा मागवता येतो, ते कारण मला चालत नाही. इंजेक्शनला एक मिनिटही उशीर नको, हे मीही म्हणते. माझा प्रश्न त्यानंतरच्या वाटेचा आहे. नळी उघडायला वेळ लागतो, तेवढ्यात पट्टा लावता येईल ना?

फिजिशियन, यवतमाळ
त्या वेळात मॉनिटरवरून नजर हटवू नका. नळी उघडताना ठोके बिघडतात. व्हीएफ झालं, म्हणजे हृदय नुसतं थरथरायला लागलं, तर लगेच शॉक द्यावा लागतो. तुम्ही म्हणता त्या नुकसानीचाच हा एक प्रकार, आणि यावर हातात इलाज आहे. शिवाय गुठळी विरघळवायच्या औषधावर असलेल्या माणसाचा दंड वारंवार आवळला तर काळानिळा पडू शकतो.

मेळघाटची सिस्टर
दंडावरचा डाग चार दिवसांत जातो, डॉक्टर. मॉनिटरचं ऐकते. पण नागपूर किंवा सेवाग्रामच्या कॉलेजने चाचणी मनावर घेतली, तर इंजेक्शनची वेळ, ईसीजी, गाडी निघाल्याची वेळ, सगळी नोंद आमच्या वॉर्डातून मी ठेवीन. तुम्ही त्यांच्याशी बोलाल का?