सहानुभूती, समानुभूती की कळवळा?

नेरूळची ताई: नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी वाशीला ‘एम्पथी’वर, म्हणजे पेशंटचं दुःख समजून घेण्यावर, कार्यशाळा आहे. सकाळी मेंदूविज्ञान, दुपारी नाट्यखेळ. पत्रकात ‘सहानुभूती’ लिहू का? सोबतचे डॉक्टर ‘समानुभूती’वर अडून बसलेत.

नौपाडकर: सहानुभूती नको. तिच्यात आता नुसतं ‘अरेरे’ उरलंय. निवडणुकीत तिची लाटसुद्धा येते! समानुभूती मानसशास्त्रात रुळलाय. गंमत म्हणजे मूळ कल्पना कलाविचारातली. रॉबर्ट फिशरनं १८७३ मध्ये ‘आइनफ्यूलुंग’ हा जर्मन शब्द कलाकृती पाहताना आपण तिच्यात शिरतो त्याबद्दल वापरला; मानसशास्त्रज्ञ टिचनरनं १९०९ मध्ये त्यावरून इंग्रजीत ‘एम्पथी’ घडवला. तेव्हा नाट्यखेळ आधी घेतलेत तरी चालेल.

कोपरीवाली: माझा आक्षेप ‘सम’ला. मेंदूशास्त्रज्ञ तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांचा २००४ चा प्रयोग बघा. १६ स्त्रिया स्कॅनरमध्ये, शेजारी जोडीदार. विजेचा चटका कधी हिच्या हाताला, कधी त्याच्या. त्याला बसला की हिच्या मेंदूतले इन्सुला आणि सिंग्युलेटचे पुढचे भाग चेतायचे, स्वतःला बसल्यावर चेततात तसेच. पण कुठे आणि किती दुखतंय हे टिपणारे भाग गप्प. म्हणजे वेदनेतली तगमग पोचते, चटका नाही. इन्सुला शरीराच्या आतली खबर ठेवते. आपणही दुसऱ्याचं बघून ‘पोटात कालवलं’च म्हणतो की.

नौपाडकर: मग कळवळा?

कोपरीवाली: कळवळा मायेच्या माणसाचा लगेच येतो. वॉर्डातला कटकट्या पेशंट? तिथे आधी कल्पना चालवावी लागते, हा रात्रभर जागा का असेल वगैरे. त्याला आपल्याकडे सरळ शब्द आहेत: ‘त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ’.

घोडबंदर रोड: परकायाप्रवेश म्हणा ना! नट तेच करतो.

कोपरीवाली: नट प्रयोगानंतर रंग पुसून मोकळा. बारा तासांच्या ड्युटीत प्रत्येक कॉटवर परकायाप्रवेश करायला लावलात तर पोरी आठवड्यात आडव्या होतील. गडकरी रंगायतनात रडणारा प्रेक्षक जास्त जवळचा. डोळे पुसतो, पण आपण खुर्चीत आहोत हे विसरत नाही. संस्कृत काव्यशास्त्रात त्याला ‘सहृदय’ म्हणतात.

नेरूळची ताई: ‘सहृदय’ सुरेख आहे, पण पत्रकावर सत्काराच्या मानपत्रासारखा वाटेल. समानुभूतीच ठेवते, खाली ‘त्याच्या जागी स्वतःला ठेवून’ अशी ओळ. आणि ‘सम’वरचा आक्षेप डॉक्टरांना सकाळच्या सत्रातच मांडायला सांगते.