मदत हवी आहे: नाणेफेकीचा प्रयोग वर्गात जमत नाहीये

पाटीपेन्सिल: उद्या सकाळच्या तासिकेआधी उत्तर हवंय. संभाव्यतेसाठी प्रत्येकाला नाणं उडवायला लावलं. एकीचे छापे ६, शेजारच्याचे १४. मुलं विचारतात, "निम्मे कुठे आले?" आता फळ्यावर १/२ लिहिलं तरी कुणाला पटत नाही. काय करू?

तिसराबाक: प्रत्येकी किती फेकी? मुलं किती? इयत्ता?

गणकयंत्र: नाणी कशाला? स्प्रेडशीटमध्ये दहा हजार फेकी क्षणात होतात.

निळीशाई: पडद्यावरचा आकडा मुलांना आधीच ठरवलेला वाटतो. नाणं त्यांच्या हातूनच सुटायला हवं. माझं ऐकाल तर मण्यांची बरणी आणा. ४० मणी काढून त्याजागी वेगळ्या रंगाचे टाका, नीट मिसळा. मग ५० काढले आणि त्यांत १० रंगीत निघाले, तर एकूण मणी अंदाजे ४० × ५० ÷ १० = २००. नंतर सगळे मोजायचे. तळ्यातल्या माशांचा अंदाज असाच काढतात.

तिसराबाक: पण ताईंनी नाण्याचं विचारलंय.

पाटीपेन्सिल: नववी. ४० मुलं, प्रत्येकी २० फेकी. वर्गात संगणक नाही.

  

तिसराबाक: ताई, प्रयोग बरोबरच झालाय. २० फेकींत नेमके १० छापे पडण्याची शक्यता जेमतेम १७.६ टक्के. फळ्यावर ० ते २० आकडे मांडा, प्रत्येकाने आपल्या आकड्यावर फुली मारायची, एकावर एक. मध्ये ढीग होतो, टोकं विरळ राहतात. मग एकेका बाकाची बेरीज मिळवत ८०० फेकींपर्यंत जा. तिथे छापे ४०० पेक्षा १४ ने कमीजास्त होणं नेहमीचंच, पण तो फरक ८०० च्या २ टक्केही नाही. गणितज्ञ जॉन केरिच यांनी दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना १०,००० फेकी केल्या, छापे ५,०६७.

गणकयंत्र: आणि बाकांखाली गडगडलेली नाणी शोधण्यात तासिका संपेल.

निळीशाई: ओंजळीत खुळखुळवून वहीवर टाकायची. टेबलावर भिंगरीसारखी मात्र फिरवू देऊ नका, काही नाणी तशी एकाच बाजूला जास्त पडतात.

तिसराबाक: वेळ उरला तर काही जणांना १०० फेकींची यादी मनानेच लिहायला सांगा. सलग सहा छापे लिहायला सहसा कुणी धजत नाही. खऱ्या यादीत सलग पाच-सहा सारखे बहुधा सापडतातच.

पाटीपेन्सिल: फुल्या उद्याच करते. बेरीज मुलांकडूनच करून घेऊ ना?

तिसराबाक: हो, आणि प्रत्येक बाकानंतर छापे भागिले एकूण फेकी हे गुणोत्तर फळ्यावर लिहा. आधीचं पुसू नका.