शब्दचर्चा: 'लिच'ला मराठीत काय म्हणावं? (आणि त्याला आवरावं कसं?)

फासेवाला

आमचा चौघांचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत, पात्रं होऊन गोष्ट रचायचा खेळ) मराठीतून खेळतो. फासे, एचपी (पात्राचे जीवनगुण), स्पेल स्लॉट (किती मंत्र टाकता येतील याचा कोटा) हे शब्द तसेच ठेवतो, पण गोष्ट सांगायची ती मराठीतच. आता मोहिमेचा शेवटचा खलनायक लिच आहे: मेलेला, पण स्वतःच्या विद्येने टिकून राहिलेला जादूगार. मागच्या वेळी मी त्याला 'वेताळ' म्हणालो. लगेच एकजण म्हणाला, "मग नारळ-कोंबडं देऊ आणि वाटेला लागू." सगळ्या भीतीवर पाणी पडलं.

तर लिच, फायलॅक्टरी (लिच आपला आत्मा ठेवतो ती वस्तू) आणि अनडेड (मेलेले, तरी हिंडणारे) या तिघांना चपखल शब्द हवेत. जोडीला एक नियमांचा प्रश्न. पार्टी (आमच्या पात्रांची टोळी) पंधराव्या लेव्हलची आहे. लिच फार जड जाईल का? शिवाय आमच्यातल्या विझार्डला (जादूगार पात्राला) स्वतःच लिच व्हायचंय. होऊ द्यावं का?

शब्दवेडी

'लिच' मुळात अगदी साधा शब्द आहे. जुन्या इंग्रजीत 'लीक' म्हणजे देह, प्रेत. जर्मनमध्ये प्रेताला आजही 'लायखं' म्हणतात. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवाराला छप्पर असलेलं एक फाटक असतं, त्याचं नाव लिचगेट. अंत्यविधीला आणलेली शवपेटी पाद्री येईपर्यंत तिथे टेकवत. म्हणजे शब्दात जादू कुठेच नाही. 'मढं' इतकाच अर्थ. खेळात हा प्राणी आला १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत, आणि आज खेळाडूंच्या डोक्यात जो अर्थ आहे तो मुख्यतः या खेळाने रुजवलेला.

वेताळ चालणार नाही, आणि कारण फक्त नारळाचं नाही. वेताळपंचविशीतला वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरलेला असतो. लिच स्वतःच्याच हाडांत राहतो. ब्रह्मराक्षस किंवा ब्रह्मसमंध जास्त जवळचा, कारण मेल्यावरही त्याची विद्या शाबूत असते. पण तो पापाने किंवा वासना अडकल्याने तसा होतो, म्हणजे ती शिक्षा आहे. लिचने हे वर्षानुवर्षं खपून, समजून-उमजून मिळवलेलं असतं. मुंजा तर सोडाच, सोडमुंजीआधी गेलेलं ते पोर, त्याला काय येतंय!

'अनडेड'चं शब्दशः भाषांतर करायचं तर अ-मृत. म्हणजे चक्क अमृत! सडक्या हाडांच्या सैन्याला 'अमृतसेना' म्हणून बघा टेबलावर.

कोकणकडा

आमच्याकडे देवचार असतो. चालेल?

शब्दवेडी

नको हो. देवचार गावाची राखण करतो, त्याचा मान असतो. त्याला खलनायक केलंत तर तुमच्याच गावची माणसं येतील विचारायला.

जुना डीएम

शब्द ताईंवर सोडतो. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, तेव्हा नियमांचं मी बोलतो.

२०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला (पाचव्या आवृत्तीचं प्राण्यांचं पुस्तक) लिच चॅलेंज २१ चा, म्हणजे तितका अवघड. आकडा बघून लोक दचकतात, पण त्याचे एचपी फक्त १३५ आहेत. तुमच्या फायटरने (लढवय्याने) ॲक्शन सर्ज, म्हणजे एकाच पाळीत जादा कृती, वापरून मोठ्या तलवारीचे सहा घाव घातले आणि सगळे बसले, तर पंच्याहत्तरच्या वर तिथेच गेले. दुसऱ्या राउंडला खलनायक भुईसपाट, आणि डीएम तोंड पाडून बसलेला. मग पुढच्या वेळी डीएम एचपी दुप्पट करतो. माझ्या मते ही चूक आहे. जाडजूड लिच म्हणजे नुसती लांबलेली मारामारी.

त्याचं बळ मंत्रांच्या क्रमात आहे. आर्मर क्लास (घाव बसायला फाशाने गाठायचा आकडा) १७, पण शील्ड हा मंत्र टाकला की तो २२ होतो, म्हणजे त्या सहांतले दोन-तीन घाव हवेत. ग्लोब ऑफ इन्व्हल्नरेबिलिटी लावला की बाहेरून येणारे पाचव्या पातळीपर्यंतचे मंत्र आत शिरत नाहीत. आणि नवव्या पातळीचा एकच स्लॉट, पॉवर वर्ड किल: समोरच्याचे एचपी १०० किंवा कमी असतील तर मेला, सेव्ह (फासा टाकून वाचायची संधी) नाही. आता हिशेब करा. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४ असलेल्या पंधराव्या लेव्हलच्या विझार्डचे सरासरीने ९२ एचपी होतात. म्हणजे ओरखडाही न उमटता तो पहिल्याच फटक्यात जाऊ शकतो. तोल खरा बिघडतो तो इथे. मी लिचला हा मंत्र पहिल्या राउंडला वापरू देत नाही. आधी कुणा साथीदारावर किंवा ओलिसावर तो वापरलेला पार्टीला दिसतो. मग ज्यांचे एचपी शंभराच्या आसपास आहेत ते स्वतःच जपून खेळतात. त्याच्या गुहेत लढलात तर एक राउंड आड d8 (आठ बाजूंचा फासा) टाकून त्याला एखादा स्लॉट परत मिळू शकतो, पण आठव्या पातळीपर्यंतचाच. नववा एकदा गेला की गेला. ही गोष्ट खेळाडूंना कळायला हवी, निदान हुशार विझार्डला तरी.

आणि कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवायला लागणारं लक्ष) विसरू नका. ग्लोब, क्लाउडकिल, डॉमिनेट मॉन्स्टर, तिन्हींना ते लागतं, म्हणून एका वेळी एकच. हे पाळलं तर पंधराव्या लेव्हलचे चौघे त्याला पुरून उरू शकतात, घाम मात्र निघेल. २०२५ च्या नव्या पुस्तकात त्याचे एचपी ३१५ आणि आर्मर क्लास २० केलाय. तो घेतलात तर वरचे लाड करायची गरज नाही.

विझार्डला लिच होऊ द्यावं का? खेळाच्या जुन्या ३.५ आवृत्तीत याची किंमत लावलेली होती: निदान ११ व्या पातळीची कास्टर लेव्हल (मंत्र टाकण्याची ताकद), फायलॅक्टरीला १,२०,००० सोन्याची नाणी आणि ४,८०० एक्सपी (अनुभवाचे गुण). वर लेव्हल ॲडजस्टमेंट +४. बाराव्या लेव्हलचा विझार्ड लिच झाला की सोळाव्याचा धरायचा. विझार्डला चार लेव्हल गमावणं म्हणजे मंत्रांच्या दोन पातळ्या गमावणं, त्यामुळे खेळाडू हिशेब करून नको म्हणायचे. पाचव्या आवृत्तीत तसं कुंपण नाही. बाकीचे तिघे मरणाच्या दारात डेथ सेव्ह टाकताहेत आणि हा d10 (एक ते दहा) दिवसांत नव्या देहाने परत, असं झालं तर टेबलावर कुरबुर होणारच. माझा घरचा नियम असा: परत आल्यावर आठवडाभर सहाव्या पातळीपासून वरचे मंत्र बंद. आणि फायलॅक्टरीला आत्मे खायला घालावे लागतात, तो भाग वगळायचा नाही. कोणाचा आत्मा, हे त्याने टेबलावर सगळ्यांसमोर सांगायचं. बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो.

फासेवाला

दादा, हे झकास. आता फायलॅक्टरी! मी 'ताईत' लिहून ठेवलाय.

शब्दवेडी

शब्दकोशाप्रमाणे बरोबर. ग्रीकमध्ये फायलॅक्टरी म्हणजे राखणारी वस्तू, ताईतच. पण इंग्रजीत तो शब्द ज्यूंच्या तेफिलिनलाही वापरतात: प्रार्थनेच्या वेळी कपाळाला आणि दंडाला बांधायच्या चामड्याच्या छोट्या पेट्या, आत धर्मवचनं लिहिलेली चर्मपत्रं. ३.५ मधली नेहमीची फायलॅक्टरी काय होती? धातूची बंद पेटी, आत मंत्र लिहिलेल्या चर्मपत्राच्या पट्ट्या. एका समाजाच्या पूजेची वस्तू उचलून तिला आत्मे गिळणारी पेटी केलेली. आपल्या कोकणातले बेने इस्राएल मराठीच बोलतात, त्यांच्यापैकी कोणी तुमच्या टेबलावर बसलं तर? २०२५ च्या पुस्तकात हा शब्द काढून 'स्पिरिट जार' केलाय, ते बरं केलं.

आणि ताईत गळ्यात असतो. तुमचे खेळाडू पहिल्या राउंडला त्याच्या गळ्यावर झडप घालतील. लिचची वस्तू मात्र कोसभर लांब कुठेतरी पुरलेली.

जुना डीएम

मग 'प्राणकुपी' म्हणा. ऐकायलाही छान.

शब्दवेडी

छान आहे, पण तुमच्याच नियमाला घात करेल. राक्षसाचा प्राण पोपटात असतो, पोपटाची मान मुरगळली की राक्षस तिकडे कोसळतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. 'प्राण' म्हटलंत की पार्टी आधी कुपी फोडेल आणि लिच पडायची वाट बघत उभी राहील. लिच पडत नाही. कुपी फुटली की त्याचं फक्त परत येणं थांबतं. तो स्वतः सगळे स्लॉट घेऊन समोर उभाच असतो. म्हणून 'आत्मकुपी'.

जुना डीएम

मान्य. एक गट असाच मेलेला पाहिलाय, शब्दामुळे नाही, पण याच समजुतीमुळे. त्यात भर इतकीच: कुपी कुठे आहे याचे दोन-तीन धागे पहिल्या लढाईच्या आधी द्या. कुपीला आत्मे लागतात, म्हणजे आसपास माणसं नाहीशी होत असणार. तो माग काढता आला पाहिजे. नाहीतर लिच चौथ्यांदा परत येतो तेव्हा खेळाडू घाबरत नाहीत, वैतागतात.

फासेवाला

ठरलं तर. लिचला लिचच, फायलॅक्टरीला आत्मकुपी, अनडेडना 'मढी'. क्लेरिकच्या (पुजारी पात्राच्या) टर्न अनडेडला, म्हणजे मढ्यांना पळवून लावण्याला, मी 'पिटाळणे' म्हणतो, तेही ठेवतो. एकच राहिलं: लेजेंडरी रेझिस्टन्स. दिवसातून तीनदा, फसलेला सेव्ह तो 'नाही, जमलाच' म्हणून फिरवतो.

शब्दवेडी

'हट्ट'. "लिचने एक हट्ट वापरला, दोन उरले."

जुना डीएम

घेतला! आणि हट्ट उघड मोजा, टेबलावर तीन कवड्या ठेवून. लपवलेत तर क्लेरिकला वाटतं आपला मंत्र वाया गेला. कवडी उचललेली दिसली की त्याला कळतं, आपण काहीतरी खर्च करायला लावलंय. पिटाळणंही त्यात येतं: लिचला त्या सेव्हवर ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा) असतो, तरी फसलाच तर कवडी जाते.