पाणी किती, त्याआधी कधी

‘गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, तेव्हा तेलंगणाच्या आधी हक्क आपला’ असं एकांनी लिहिलंय. नाशिककराच्या कानाला गोड वाटतं खरं, पण तो वाद आपल्या वाट्याला येतच नाही. गोदावरीचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाच्या १९८० च्या निवाड्यात पैठणपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राकडेच आहे. नाशिकच्या गंगापूर-दारणा धरणांतून पैठणच्या जायकवाडी धरणात पाणी सोडण्यावरून होते ती घरातली भाऊबंदकी.

राज्याराज्यांतलं भांडण बघायचं तर नांदेडच्या बाभळी बंधाऱ्यावर बघा. साठा २.७४ टीएमसी (अब्ज घनफूट). सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सरळ तारखाच घालून दिल्या: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे, शिवाय १ मार्चला ०.६ टीएमसी खाली तेलंगणाकडे सोडायचं. म्हणजे नदी दुथडी वाहते तेव्हा अडवायचं नाही, आणि दरवाजे टाकावेत तोवर पाऊस परतलेला! तिथल्या शेतकऱ्यांचा राग मला तरी रास्त वाटतो. (आपण इकडे गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलेलं बघायला जातो, भजी खाऊन घरी येतो.)

कोटा ठरवताना टीएमसीवरच सगळे भांडतात. त्या त्या वर्षीचा येवा (नदीतून येणारं पाणी) बघून दरवाज्यांची तारीख पुढेमागे करायला काय हरकत आहे?