नववीतल्या भाच्याला अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर झेपेल का?

कपाटातला_बाइंडर: भाचा नववीत आहे, मेमॉयर ४४ हा सोपा युद्धाचा बोर्डगेम त्याला आता पोरखेळ वाटतो आणि माझा एएसएलच्या (अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर, दुसऱ्या महायुद्धावरचा किचकट बोर्डगेम) नियमांचा जाडजूड रिंग बाइंडर बघून रोज मागे लागलाय की मामा शिकव. मी शिकलो तेव्हा कॉलेजात होतो, रिकामा वेळ भरपूर होता. याला ते नियम वाचायला दिले तर पळून जाईल ना?

फासेवाला: बाइंडर दाखवूच नका हो! २००४ चं स्टार्टर किट १ घ्या, नुसतं पायदळ, नियमपुस्तिका पातळ. तोफा किट २ मध्ये, रणगाडे किट ३ मध्ये, तोवर त्याला कळेल आवडतंय का. पहिला सिनारिओ (तयार मांडलेली लढाई) एस१ लावा, नॉर्मंडी जून १९४४, छोटासाच आहे.

दोन_उणे: किट बरोबर आहे, पण मला विचाराल तर पोरांना नियम जड जात नाहीत, जड जातो समोरचा जुना खेळाडू. प्रत्येक चालीला "अरे असं नाही चालत" म्हणत बाइंडर उघडायचा, मग पोरगं कशाला येतंय परत. आधी ४-६-७ चं एक काउंटर, म्हणजे एका स्क्वॉडची (सैनिकांच्या तुकडीची) पुठ्ठ्याची सोंगटी, हातात द्या, मारा ४, पल्ला ६ हेक्स (षटकोनी घरं), मनोबल ७, आणि विचारा मनोबल टिकायला दोन फाशांत ७ किंवा कमी किती वेळा पडेल. ३६ पैकी २१, नववीतला पोरगा चुटकीसरशी काढतो. मग त्याला मोकळ्या रस्त्यातून धावू द्या. सरळ धावला म्हणून फाशांत उणे १, उघड्यावर आहे म्हणून अजून उणे १, इथे फासे कमी पडलेले गोळी मारणाऱ्याच्या फायद्याचे, त्यामुळे अख्खं स्क्वॉड कोलमडतं. पुढच्या वेळी तो आपणहून असॉल्ट मूव्ह (जपून हळू सरकणं) काय असते ते विचारेल. तेव्हाच सांगा, आधी नाही.

फासेवाला: हे पटलं. फक्त धावायच्या आधी "तिथे मशीनगन बघतेय हां" एवढं तरी सांगा, नाहीतर मामा चीटर ठरतो 😄

पुणे_ते_प्लानो: माझी मुलगी पुतण्याशी व्हासलवर (असे बोर्डगेम ऑनलाइन खेळायचं सॉफ्टवेअर) खेळते, ती इथे टेक्सासात, तो पुण्यात. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि टेबलावर काउंटरचे मनोरे पडायची भानगड नाही. किट आधी बघा कुठे मिळतं, कस्टम ड्युटी धरून महाग पडू शकतं.

कपाटातला_बाइंडर: बाइंडर माळ्यावर टाकला. साहेब विचारतायत रशियन आहेत का पहिल्या किटमध्ये.

दोन_उणे: आहेत. जर्मन आणि अमेरिकनही.