मावळतीचा किनारा आणि आम्ही दोघं : ग्रीक बेटांवरचा एक दिवस (अनुभव धागा)

ग्रीक बेटांवरच्या सूर्यास्ताचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. मला त्याच्या आधीचा दिवस ऐकायचा आहे. जोडीनं गेला असाल तर किनाऱ्यावर पोचल्यापासून अंधार पडेपर्यंत दोघांनी काय केलं, काय खाल्लं, काय बोललात, ते लिहा. सुरुवात मी करते.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून सप्टेंबरअखेरीस आम्ही क्रीटला गेलो होतो. बेटाच्या पार पश्चिमेला फालासार्ना आहे. किसामोसहून निघून प्लातानोस गाव ओलांडलं की रस्ता एकदम डोंगराच्या कडेवर येतो. खाली ऑलिव्हच्या बागा, टोमॅटोची पांढरी हरितगृहं आणि त्यांच्यापलीकडे इतकं निळं पाणी, की ह्यांनी गाडी बाजूला घेऊन इंजिनच बंद केलं. पाच मिनिटं आम्ही नुसते बसून होतो.

दुपारी दाकोस खाल्लं. जवाचा कडक पाव, त्यावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा नावाचं ताजं चीज आणि सढळ हातानं ऑलिव्ह तेल. पाव टोमॅटोच्या रसात भिजेपर्यंत थांबायचं, घाई केली तर दाताला लागतो.

मग उन्हं कलल्यावर किनाऱ्याच्या उत्तरेला जुन्या फालासार्नाचे अवशेष पाहायला गेलो, आणि दिवस खरा तिथे फिरला. हे एक बंदर आहे, पण कोरडं. बुरूज आहेत, धक्क्याच्या भिंती आहेत, समुद्राकडे जाणारा कालवा आहे. पाणी मात्र नाही. इसवी सन 365 च्या महाभूकंपात क्रीटचा हा भाग 6 मीटरहून जास्त वर उचलला गेला आणि बंदर जमिनीवर आलं. त्याच्या चारशे वर्षं आधीच रोमनांनी चाच्यांचा अड्डा म्हणून हे शहर मोडलं होतं. 1986 पासून पुरातत्त्वज्ञ एल्पिदा हाजिदाकी ह्यांनी उत्खनन करून हे सगळं पुढे आणलं.

ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कड्यावर माणसाच्या उंचीच्या कितीतरी वर एक आडवी, कुरतडल्यासारखी रेघ होती. ती त्यांना लांबूनच दिसली. "अगं, ती बघ जुनी पाणीपातळी!" म्हणून हात धरून मला तिथवर घेऊन गेले. पंचवीस वर्षं मी धरणांच्या गोष्टी अर्ध्या कानानं ऐकत आले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांनी दगड पाहिला, आणि पुढचा तासभर प्रश्न मीच विचारत होते.

सूर्य साडेसातच्या जरा आधी बुडाला. आपल्या दिवेआगरला तो जवळजवळ सरळ खाली उतरतो, इथे थोडा तिरका जातो, त्यामुळे मागचा उजेड रेंगाळतो. झाऊच्या झाडाखाली बसून आम्ही तो शेवटपर्यंत पाहिला. आता तुम्ही लिहा.

गुहागर, सध्या मुंबई

आम्ही नाक्सोस बेटावर होतो, जुलैमध्ये. त्या दिवसांत उत्तरेकडून मेल्टेमी वारा सुटतो तो चार-चार दिवस थांबत नाही. आमची बोट त्यामुळे रद्द झाली. पुढच्या हॉटेलचे पैसे बुडणार म्हणून सकाळपासून माझी चिडचिड चालली होती आणि बायको माझ्याशी बोलत नव्हती. तशातच आगिओस गेओर्गिओसच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो.

मी समुद्रावर वाढलेला माणूस. पिशव्या पाण्यापासून दूर ठेवायच्या, भरती येईल तसं सामान मागे घ्यायचं, ही सवय रक्तातली. तीन तासांत मी दोनदा सामान उचललं. शेवटी तीच म्हणाली, "अरे, पाणी कुठे येतंय?" खरंच येत नव्हतं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी असते ती वीतभर, सकाळी जिथे रेषा तिथेच संध्याकाळी. पुळणीवर सकाळच्या आमच्या पावलांच्या खुणा तशाच होत्या. गुहागरला एक पाऊल सहा तास टिकत नाही. मी तिला लहानपणच्या उधाणांबद्दल सांगायला लागलो. आमच्यातला अबोला तिथे संपला.

संध्याकाळी सगळं गाव पोर्ताराकडे चालत निघालं, आम्हीही. बंदरापुढच्या लहानशा बेटावर अपोलोच्या मंदिराचं संगमरवरी दार उभं आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात काम सुरू झालं, मंदिर कधी पुरं झालंच नाही, दार तेवढं राहिलं. ग्रीक वीर थेसिअसनं त्याच्या प्रेमात पडलेल्या राजकन्या आरिआद्नेला झोपेत सोडून दिलं ते नाक्सोसवरच, असं ग्रीक पुराण सांगतं. ते ऐकल्यावर हिनं माझा दंड घट्ट धरला. वाराही तसाच होता म्हणा.

ठाणे

आमचं थोडक्यात. सान्तोरिनी बेटावरच्या इया गावात सूर्यास्तासाठी दोन तास आधी जाऊन उभे राहिलो तरी पुढे माणसांच्या पाठी. सूर्य मी दुसऱ्याच्या मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. बायकोचा रक्तदाब कमी होतो, तिला गर्दीतून बाहेर काढता काढता मी घाबरून गेलो होतो. जोडीनं जाणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, तिथे जागा धरायच्या मागे लागू नका. त्या रात्री एका साध्या खाणावळीत फावा खाल्ला, तिथल्या पिवळ्या डाळीचा, वरून कांदा आणि तेल. तिनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "हे तर पिठलंच की!" मग तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मला त्या बेटावरचं तेच आठवतं.

नाशिक

मी लिहू की नको, असं चाललं होतं. ह्यांना 2019 मध्ये पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. मुलगा जर्मनीत असतो, त्यानं आम्हाला दोघांना क्रीटला नेलं. मी आधीच म्हटलं होतं, किनाऱ्यावर नेऊन त्यांना नुसतं पाणी दाखवायचं हे मला बघवणार नाही.

क्रीटमधल्या खान्या शहराजवळच्या एका किनाऱ्यावर एक यंत्र होतं. सीट्रॅक म्हणतात. पाण्यात उतरत गेलेले रूळ, त्यावर एक खुर्ची, सौर ऊर्जेवर चालणारी. माणूस खुर्चीत बसतो, रिमोटचं बटण दाबतो आणि खुर्ची हळूहळू समुद्रात जाते. हे ग्रीसमध्येच तयार झालेलं आहे आणि तिथल्या कितीतरी किनाऱ्यांवर बसवलंय.

रिमोट ह्यांच्या उजव्या हातात होता. मी बाजूनं चालत होते. पाणी छातीपर्यंत आल्यावर त्यांनी खुर्चीचा दांडा सोडला आणि मला म्हणाले, "हात काढ." मी काढला. ते पाठीवर तरंगले. गंगापूर धरणाच्या पाण्यात पोहणारा माणूस, पाच वर्षांनी पाण्यावर आडवा झाला होता. मुलगा दोन हात अंतरावर उभा राहिला.

दुपारभर ते तीन वेळा उतरले. संध्याकाळी सूर्य रोदोपोच्या डोंगरांमागे जायला लागला तेव्हा सगळे मावळतीकडे बघत होते आणि ह्यांना चौथ्यांदा पाण्यात जायचं होतं. थंडी वाजेल म्हटलं तर ऐकेनात. अंगाभोवती दोन टॉवेल गुंडाळून बसवलं, तरी बोटं रिमोटवरच.

महाराष्ट्रात असं एखादं यंत्र कुठे आहे का? कोणाला माहीत असेल तर कृपया सांगा. आम्ही गाडी करून कुठेही यायला तयार आहोत.

पुणे (धागा काढणारी)

नाशिकच्या ताई, तुमचं लिहिणं ह्यांना वाचून दाखवलं. ते त्यांच्या खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन लावताहेत. रूळ, उतार, लाटांचा जोर, आणि आपल्याकडच्या भरती-ओहोटीचं काय करायचं, असं कागदावर काहीतरी काढत बसलेत. गुहागरच्या दादांनी उधाणाच्या वेळी पाणी पुळणीवर किती वर चढतं ते कळवलं तर मदत होईल, असं विचारायला सांगितलंय.